गवंडीकाम

"ह्याला काय चर्च म्हणायचं?" परांची बांधलेल्या चर्चसमोर उभं राहून विश्वनाथ टिल्लू म्हणाले. "दीडशे वर्षांचं पोर हे! आमच्या शार्त्रला जा. आठशे वर्षं झाली, जागचं हललेलं नाही."

आमच्या म्हणे! फ्रान्समधल्या त्या शार्त्रला टिल्लू ग्रुप टूरबरोबर पावणेदोन तास होते, त्यातला पाऊण तास वॉशरूमच्या रांगेत. पण तेव्हापासून कॅनडातल्या ह्या हॅलिफॅक्समधल्या एकाही मराठी माणसाची सुटका नव्हती. आज तावडीत सापडले होते त्यांचे कॉलेजातले मित्र रवींद्र आणि त्यांची बायको मंदाकिनी. बिचारे पुण्याहून क्रूझला आलेले, बोट एक दिवस इथे थांबली होती.

"भिंतीला बाहेरून दगडी कमानींचे टेकू दिलेत," टिल्लू हातवारे करत होते. "छताचा रेटा त्या टेकूंवर जातो. म्हणून तर भिंतीत एवढाल्या रंगीत काचा बसल्या. आणि तिकडचा गवंडी आपल्या दगडावर स्वतःची खूण कोरायचा. एका खुणेवरून मी हात फिरवला. खरं सांगतो रवी, डोळ्यांत पाणी आलं. काय हात असतील त्या माणसांचे!"

तसले हात त्यांच्या घरात होते आणि त्यांची त्यांना लाज वाटत होती. गौरांगी, एकुलती एक मुलगी. इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून पाथरवटाचं काम शिकली. जुन्या चर्चांचे झिजलेले दगड काढायचे, नवे घडवायचे, चुन्यात बसवायचे. "सात समुद्र ओलांडून आलो ते पोरीनं थापी धरावी म्हणून?" टिल्लूंनी एकदाच विचारलं आणि विषय बंद करून टाकला. रवींद्रना त्यांनी सांगितलं होतं की मुलगी हेरिटेज कन्सल्टंट आहे, मीटिंगसाठी टोरांटोला गेलीय.

ती काम करत होती याच चर्चवर. मंदाकिनीनं चर्च बघायचा हट्टच धरला, म्हणून टिल्लू नाइलाजानं आले. शनिवारी काम बंद असणार ही त्यांची अटकळ. पण थंडी कडक पडली की चुना धरत नाही. ऑक्टोबरात गवंड्याला शनिवार कसला नि रविवार कसला! एवढी चर्चेस पाठ करून हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

वर परांचीवर गौरांगी होती. अंगभर पांढरी धूळ, तोंडावर मास्क. सगळा उन्हाळा ती म्हणत होती, "बाबा, एकदा वर चढून बघा तरी." तिनं एकटीनं घडवलेला पहिला दगड आज सकाळीच खिडकीवर बसला होता. आणि खाली बघते तर बाबा! तिला वाटलं, आपल्यासाठीच आले.

"ती वरची पोरगी आपल्याकडची वाटते, नाही का हो भावजी?" मंदाकिनीनं विचारलं.

"छे! पोर्तुगीज असेल. असली कामं तेच लोक करतात."

"बाबा!" वरून हाक आली.

रवींद्र चमकले. "विश्या, तुला हाक मारतेय का रे ती?"

"मला कोण हाक मारतंय इथं? ह्यांचं आपापसांत चालू असतं काहीतरी," टिल्लू म्हणाले आणि कोलोनच्या चर्चला सहाशे वर्षं का लागली ते घाईघाईनं सांगू लागले.

तोवर गौरांगी शिडीवरून भराभर खाली उतरली. मास्क हनुवटीवर ओढला, हात पँटला पुसला आणि हसत समोर येऊन उभी राहिली. चार पावलांवर. टिल्लूंनी तिच्याकडे बघितलं. मग बँकेतल्या क्लार्कशी बोलावं त्या आवाजात म्हणाले, "एक्स्क्यूज मी. इज द चर्च ओपन टुडे?"

गौरांगीचं हसू तिथंच विरलं. "नो, सर," ती म्हणाली.

अवघडून मंदाकिनी वर बघू लागली. मनोऱ्याच्या टोकावर तांब्याचा कोंबडा होता, गंजून हिरवा पडलेला.

"अगंबाई, देवळाच्या कळसावर कोंबडा कशाला हो?"

"वाऱ्याची दिशा कळायला," टिल्लू म्हणाले.

"तेवढ्यासाठी नाही, काकू," गौरांगी म्हणाली. टिल्लूंनी मारून मुटकून शिकवलेली तिची मराठी स्वच्छ होती. "येशूला पकडून नेलं, त्या रात्री त्याच्या अगदी जवळच्या शिष्याला लोकांनी विचारलं, हा तुझा कोण? तो म्हणाला, मी ह्याला ओळखतच नाही. एकदा नाही, तीनदा म्हणाला. आणि कोंबडा आरवला. युरोपात जुन्या चर्चांवर म्हणून कोंबडा बसवायचे. माझ्या बाबांनीच सांगितलंय मला, मी सात वर्षांची असताना."

"अय्या, मराठी बोलतेस की गं!" मंदाकिनी हरखून गेली. "कोण गं तुझे बाबा? इथंच असतात का?"

गौरांगी टिल्लूंकडे बघत नुसती उभी राहिली. त्यांना वेळ देत होती.

टिल्लूंनी घड्याळ बघितलं. "चला चला," ते म्हणाले, "आपली पलीकडे जायची फेरीबोट चुकेल."

फेरीबोट दर अर्ध्या तासाला होती.