चौथी जोडी

थोरल्या भावाच्या, अल्पेशच्या, वर्षश्राद्धाला त्याचीच गिटार त्याच्याच आवाजात वाजवायची, असं केतननं मनाशी धरलं होतं. पण चौलच्या खाऱ्या वाऱ्यानं गिटारचे पिकअप, तारांचा नाद उचलून स्पीकरला देणारे ते चुंबक, पार गंजून गेले होते, आणि भावाचा तो जुन्या रॉकचा घोगरा सूर नव्या पिकअपमधून काही केल्या निघेना. दर वेळी नवी जोडी बसवून तो पडवीत वाजवायचा आणि आई आतून भाकरी थापता थापता सांगायची, "न्हाय रं, ह्यो तू हायस. अल्पेश न्हाय."

अशा तीन जोड्या वाया गेल्या. श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी केतन चौथी जोडी घेऊन पडवीत बसला आणि पिकअपच्या वायरी डाग देऊन जोडायची सळई तापत ठेवली. इतक्यात आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"व्हय रं, ह्योच! ह्योच माझा अल्पेश!" आईला रडू आवरेना. "थांबू नको, वाजव."



केतननं मांडीवरच्या गिटारकडे पाहिलं. पिकअप बदलण्यासाठी काढलेल्या सहाही तारा अजून त्याच्या पायाशी वेटोळं करून पडल्या होत्या.