दावणीला जागा

छावणीच्या फाटकाबाहेर आश्रुबा उभा होता. एका हातात बैलजोडीची दावी, दुसऱ्या हातात गाईचं. कपिलधारच्या पलीकडून तो चालत आला होता. गाय गाभण होती आणि उभ्या उभ्या थरथरत होती.

मनकर्णा आतून आली. गावच्या दूध संस्थेची ही दुष्काळातली चारा छावणी, आणि ती चालवायची जबाबदारी तिच्यावर. तिनं धाकट्या भावाचे धुळीनं भरलेले पाय बघितले. मग गाईकडं बघितलं.

"अक्का, आधी हिला पाणी पाज. बाकी मागून बोलू," आश्रुबा म्हणाला.

मनकर्णानं कुलूप काढलं नाही.

आदल्याच दिवशी संस्थेची बैठक झाली होती. टँकरच्या खेपा निम्म्यावर आल्या होत्या. तरी चेअरमन आबासाहेबांना शेजारचं रानही छावणीत घ्यायचं होतं. संस्था वाढायची हीच वेळ हाय, ते म्हणाले, आज ज्याचं जनावर आपण सांभाळू तो उद्या दूध आपल्याकडंच घालणार.

"आत हायेत त्यांनाच पाणी पुरंना," मनकर्णा म्हणाली होती. "आणखी घेतली तर सगळीच मरत्याल. आता हायेत तेवढी जगवू. नवं जनावर घ्यायचं न्हाई. कुणाचंच न्हाई."

बैठकीनं तिचं ऐकलं होतं.

"जागा न्हाई, आश्रुबा."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली सकाळपासून परत पाठवलेली माणसं बसली होती, आपापली जनावरं धरून. ती सगळी इकडंच बघत होती.

"कावून न्हाई? मी परका हाय का?"

"परका असतास तर इतकं जड गेलं नसतं."

मागं छावणीतली भामाबाई वैरणीचा भारा घेऊन थांबली होती. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, घ्या की आत. गाभण हाय ती. आमच्यातलं कुणी काय म्हणनार न्हाई."

मनकर्णाचा हात कुलपापर्यंत गेला. तेवढ्यात बाभळीखालची एक म्हातारी आपल्या म्हशीचं दावं धरून उठली. मनकर्णानं हात मागं घेतला.

ती आत गेली आणि आपल्या पिण्यातलं पाणी तांब्यात घेऊन आली. तारेच्या कुंपणावरून तिनं तांब्या भावाला दिला. आश्रुबानं तळहातात पाणी ओतलं आणि गाईच्या तोंडाशी धरलं.

"तुझ्यासाठी आणलंय रे."

"मला तहान न्हाई."

"वडवणीच्या रस्त्याला दुसरी छावणी हाय. तिथं असंल जागा."

"तितकं चालंल का ही?"

तिनं रिकामा तांब्या परत घेतला. आश्रुबा बाभळीकडं वळला आणि इतरांच्यात जाऊन बसला.

दुपारी आबासाहेब मोटारसायकलवर आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी मनकर्णाला बाजूला घेतलं.

"भावाची जनावरं घ्या आत. लोक समजून घेतील. पुढारपण करायचं तर कुठं वाकायचं तेबी कळावं लागतं."

"मग त्या समद्यांसाठी वाका," मनकर्णा म्हणाली. पदराच्या गाठीतली किल्ली सोडून तिनं त्यांच्यापुढं धरली. "तुमी उघडा."

आबासाहेबांनी किल्लीकडं बघितलं. बाभळीखालच्या माणसांकडं बघितलं. मग गाडी चालू करून ते निघून गेले.

ऊन कलताना टँकर आला. हौदात पाणी पडायला लागलं तशी दावणीची जनावरं हंबरायला लागली. बाहेर आश्रुबाची गाय उठली, दावं ओढत तारेपर्यंत आली आणि मान लांब करून उभी राहिली. आत बायका बादल्या घेऊन फिरत होत्या. तारेकडं कुणी बघत नव्हतं. मनकर्णाही एक बादली उचलून लांबच्या दावणीला गेली. ती परतली तेव्हा गाय तारेजवळ बसली होती. आश्रुबा तिला उठवायला बघत होता. ती उठली नाही.

तिन्हीसांजेला एका व्यापाऱ्याचा टेंपो आला. बाभळीखालची बरीच जनावरं मिळेल त्या भावात विकली गेली आणि त्यात चढली. आश्रुबाचे बैलही चढले.

सकाळी मनकर्णानं फाटक उघडलं तर आश्रुबा समोर उभा. हातात नुसतं दावं. त्याच्या मागं तारेला लागून गाय ताठरून आडवी पडली होती.

"बाई, माणूस घेता का कामाला?" त्यानं विचारलं.

आजवर तो तिला अक्काच म्हणत आला होता.

"हजेरीचं पैसं लई न्हाई इथं," मनकर्णा म्हणाली.

"भाकर तर मिळंल."

ती बाजूला झाली. आश्रुबा आत आला, दावं खुंटीला अडकवलं आणि हौदाजवळची बादली उचलली.

"एकाला किती?"

"अर्धी."

त्यानं बादली भरली. जास्त झालेलं पाणी हौदात परत ओतलं. पहिल्याच दावणीला एक पांढरी गाय होती. तिनं घटाघटा पाणी संपवलं, बादलीचा तळ चाटला आणि मान वर करून त्याचे ओले हात चाटायला लागली. आश्रुबानं तिला चाटू दिलं. भामाबाई लांबून बघत होती. तिला वाटलं, हा आता या गाईसाठी आणखी पाणी आणणार.

"बास," तो गाईला म्हणाला. तिच्या तोंडाखालची बादली ओढून घेतली आणि पुढच्या जनावरासाठी अर्धी भरून आणली.