शालिकरामचा कप्तान

दोन वर्षांनी रुपरावने गुंड्यांचा डबा काढला. इतवारीतल्या त्या घरात दोघे भाऊ दर संक्रांतीला कॅरमबोर्डवर शर्टाच्या गुंड्यांचा फुटबॉल मांडत आणि वर्षभरासाठी आपापली टीम निवडत. धाकट्या शालिकरामचा कप्तान म्हणजे कोटाची एक काळी गुंडी. खेळाआधी तो तिला मुठीत धरून ऊब देई. मग एके दिवशी तो गिरणीच्या पाळीला म्हणून निघाला आणि परतलाच नाही.

आज थंडी कडक होती. रुपरावने समोर भावाचा पाट मांडला.

"शाल्या, या वर्षी तुहा कप्तान मी घेतो गा. पाह्यजे असंन तर ये अन् भांड."

त्याने काळी गुंडी उचलली. ती कोमट होती.

"प्रेमिला, ही तू मुठीत धरली होती काय वं?"

"मी कायले धरू? माहे हात कणकीत आहेत," बायको आतून म्हणाली.

बाकीच्या गुंड्या गारठलेल्या होत्या. डबाही गार. रुपरावचे डोळे भरून आले. त्याने कप्तान भावाच्या बाजूला सरकवला.

"घे बावा. तुहाच."

मग न राहवून त्याने समोरचा रिकामा पाट चाचपला.

पाट कोमट होता, आणि हाताखाली तो अजून तापत चालला होता.