ढील

हंपीच्या ग्रॅनाइटवर चढायची निवडचाचणी तोंडावर, सरावाची जोडीदारीण तापाने पडलेली. म्हणून उर्वशीने गावच्या कातळाच्या माथ्यावरच्या कडीतून ओवलेल्या दोराचं एक टोक आपल्या कमरेला बांधून दुसरं बापाच्याच हाती दिलं. "हिसका बसला का घट्ट धराचा, बाबा." "मले काऊन शिकवून राह्यली? जन्म दोरीतच गेला," तलावात गळ टाकणारा इस्तारी फुशारला. चढताना तिचा पाय निसटला. हिसका बसताच, मोठ्या माशाला देतात तशी त्याच्या हातांनी आपसूक ढील दिली. तळवे सोलवटत त्याने दोर आवळला तेव्हा लेक जमिनीपासून वीतभर वर होती. "मी मासा नाई, बाबा," ती म्हणाली. "परत धर." इस्तारी हसला नाही. त्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसाच उडाला होता. त्याने दोर आपल्याच कमरेला करकचून बांधला. "चढ." ती वर जाऊ लागली, तसा ढील पडू न देता दोर ताणत तो उलट्या पावलांनी धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरला.