नऊ फरश्या

या कॉम्प्युटरवर युनिक्सचे प्रोग्राम चालावेत म्हणून ताई सकाळपासून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं, म्हणजे प्रोग्राम वाचतात ती नाव आणि किंमत अशी सेटिंगं, भरत होत्या. बदललेली सेटिंग नवी विंडो उघडल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून दर बदलानंतर त्या नवी विंडो उघडून सगळी यादी वाचत.

यादीत एक ओळ त्यांची नव्हती. नाव 'फरशी', किंमत नऊ.

त्यांनी ती पुसली आणि नवी विंडो उघडली. फरशी, सात.

"माझ्या मशीनला हात कोणी लावला?" त्यांनी समोरच्या टेबलाशी बसून प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टरला दरडावलं.

"शप्पथ ताई, मी नाही."

चोराच्या तोंडी हेच असतं, असं म्हणत त्यांनी नेटवर्कची वायर उपटली आणि पुन्हा विंडो उघडली. चार.

ताईंनी मान वळवली. मागचं दार सताड उघडं होतं. दारापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत बरोबर नऊ फरश्या होत्या, आणि सगळ्या रिकाम्या.

याचा सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून त्या स्क्रीनकडे वळल्या.

"ताई," टेस्टर एकदम हळू आवाजात म्हणाला. तो त्यांच्या खुर्चीमागे बघत होता. "आता नवी विंडो उघडू नका."

पण ताईंचं बोट एंटरवर पडून गेलं होतं.