व्होक्रेलला वकील मिळत नाही

"आरोपीच्या बाजूनं कोणी बोलणार आहे का?" बार्नाबेनं दुसऱ्यांदा विचारलं.

चौकात हशा पिकला. आरोपी बैलगाडीत बसला होता. पोटात पेंढा, अंगावर जुना लष्करी कोट, छातीवर बटाट्याच्या सालींची पदकं. कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी बुजगावण्यावर खटला चालवायचा आणि त्याला जाळायचं, ही रोकाब्रेसची जुनी रीत. पूर्वी त्याचे गुन्हे साधे असायचे. कोणाची कोंबडी चोरली, गावाची वाइन एकट्यानं ढोसली. १९१६ पासून मात्र, म्हणजे गेली दहा वर्षं, बुजगावणं एकाच माणसाचं असायचं. जनरल व्होक्रेलचं. त्याच्या हुकुमानुसार म्यूज नदीवरचा पूल न उडवताच आपल्या लोकांनी सोडला. जर्मन फौज त्यावरून शीळ घालत आली आणि अकराव्या दिवशी पॅरिस पडलं. फ्रान्स युद्ध तिथंच हरलं.

आरोप करायचं काम दरवर्षी आन्सेल्म मास्तरांचं. शाळाही तेच चालवत आणि नगरपालिकेची कारकुनीही तेच करत. पुलावरची कंपनी याच गावची होती. सत्तावन्न गेले, सत्तावन्न परत आले. मास्तर त्या कंपनीचे कारकून; जनरलचा हुकूम त्यांनीच कप्तानाला वाचून दाखवला होता.

"या हातांत होता तो कागद," मास्तर म्हणाले. "पूल उडवू नका, मागे फिरा. खाली व्होक्रेलची सही. आम्ही रडत रडत मागे फिरलो."

"जाळा मेल्याला!" सिदोनी ओरडली. तिचा पोरगा व्हिक्तोरँ दुसऱ्या पलटणीत होता. पूल ओलांडून आलेल्या जर्मनांनी त्या पलटणीला मागून गाठलं. दरवर्षी खटला संपला की ती मास्तरांना गोड तळलेल्या पापड्यांचं ताट नेऊन द्यायची. माझ्या पोराची आठवण तुम्हीच ठेवता, म्हणायची.

"तिसऱ्यांदा विचारतो," बार्नाबे म्हणाला. तो मेयर, म्हणून न्यायाधीशही तोच. "कोणी बोलणार आहे?"

"मी बोलते."

काळ्या कपड्यांतली एक बाई पुढे आली. चाळिशीची असेल. तिला कोणी ओळखत नव्हतं.

"मी एर्मांस. यांची मुलगी."

जवळची माणसं दोन पावलं मागे सरली.

"घाबरू नका, मी वकिली करायला आले नाही. खऱ्या खटल्यात मी तो कागद पाहिला. सही त्यांचीच होती, मी लहानपणापासून बघत आलेय. त्या दिवसापासून त्यांचं तोंड पाहिलं नाही. तुरुंगातून पत्रं यायची, ती न फोडता परत पाठवली. मागच्या महिन्यात ते गेले. माझी आई या गावची, इथंच पुरलीय. तिच्या शेजारी त्यांना जागा द्या. दगड नको, नाव नको. नाहीतर तुरुंगवाले त्यांना चुन्याच्या खड्ड्यात टाकतील."

"आणि माझा पोरगा कुठं पडलाय गं?" सिदोनीनं सडका सलगम उचलून भिरकावला. तो एर्मांसच्या गालावर फुटला. तिनं तो पुसलाही नाही. तिला तेवढंच मिळायला हवं, असं तिलाच वाटत असावं.

खटला अर्धा टाकून पंचमंडळ कचेरीत गेलं. मेयर आणि मास्तर धरून नऊ जण, नऊही जण त्या कंपनीतले. दाराशी एर्मांसनं मास्तरांना अडवलं.

"तुम्ही तिथं होतात. त्यांनी असं का केलं असेल हो?"

"भीती, बाई," मास्तर म्हणाले. "माणसाला जगावंसं वाटतं."

"त्यांना? मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नाही."

मास्तर आत गेले.

"देऊन टाकू जागा," आत गेल्या गेल्या ते म्हणाले. "सहा फूट माती. आपलं काय जातंय?"

"आज सहा फूट माती," बार्नाबे म्हणाला. "उद्या ती फुलं घेऊन येईल. परवा एखादा पेपरवाला येईल आणि विचारत बसेल. चालेल तुला?"

"गावचा जावई होता रे तो. आपली माणसं म्हणून विश्वासानं ठेवलं होतं आपल्याला पुलावर."

"माझी बायको बाळंत झाली तेव्हा त्यानंच रजा दिली," खिडकीजवळचा एक जण पुटपुटला.

"म्हणूनच नको," बार्नाबे म्हणाला. "हात वर करा."

नकाराचे आठ हात वर गेले. मास्तरांनी आपला केला नाही. त्यानं काही फरक पडणार नव्हता.

पत्र मात्र मास्तरांनाच लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं. रोकाब्रेस गावाच्या दफनभूमीत देशद्रोह्याला जागा नाही. बाहेर लोकांना दम निघाला नव्हता. बुजगावणं पेटलं होतं आणि पोरंटोरं टाळ्या पिटत होती. बाकावर एर्मांस आगीकडे पाठ करून बसली होती. मास्तर पत्राच्या तळाशी आले आणि थांबले. हात इतका थरथरत होता की टाक कागदावर टेकेना.

बार्नाबेनं उठून दार लावलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"कर की सही," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी पुलाखाली आम्ही आठ जण तुझ्याभोवती उभे होतो. व्होक्रेलची सही करताना तुझा हात जरासुद्धा हलला नाही. आता स्वतःची करताना काय झालं?"