मोकळा रस्ता

पाटणकर बाजारातल्या सुधाताईंना फिरायची भारी हौस. पण बॅग दाराबाहेर काढली की घरची मांजर, ठकी, हमखास आडवी जायची. मग सुधाताई पुन्हा आत येणार, दोन घोट पाणी पिणार, जरा टेकणार आणि मगच निघणार. या नादात एकदा उज्जैनची गाडीसुद्धा सुटली.

"घरच्या मांजरीचा कसला आलाय अपशकुन?" नवरा, जगदेवराव, दर वेळी चिडवायचे. "तिला जाता जाता साय हवी असते, बाकी काही नाही."

यंदा पावसाळ्यात ठकी म्हातारपणाने गेली. दिवाळी झाली आणि दोघं खजुराहोला निघाले. बॅगा बाहेर आल्या, दाराशी ऑटो उभी होती.

"चला, आज तरी वेळेत पोहोचू," कुलूप लावत सुधाताई हळूच म्हणाल्या.

ऑटोवाल्याने हॉर्न दिला. "बाबूजी, गाडी छूट जाएगी."

जगदेवरावांनी हातातली बॅग पायरीवर टेकवली.


"कुलूप उघड गं. दोन घोट पाणी पिऊ, जरा बसू. आज कुणीच आडवं गेलं नाही, असं कसं निघायचं?"